आजोबांच्या जीपचे नवे हूड

गेल्या वैशाखात आमच्या घरी एक लहानसा वाद उभा राहिला. आजोबांनी धान्याच्या व्यापारासाठी घेतलेली महिंद्रा जीप मोंढ्यातील वखारीत कित्येक वर्षे झाकून ठेवलेली होती. इंजिन थोड्या प्रयत्नाने सुरू झाले. परंतु कापडी हूड हात लावताच फाटू लागले. धाकट्या काकांचे मत पडले की पत्र्याचे छत बसवावे. वडील म्हणाले, मोडीत द्यावी. आजीने मात्र एकच वाक्य उच्चारले, "हूड मागे सारूनच ह्यांनी मला पहिल्यांदा वेरूळ दाखवले. पत्रा घालणार असाल, तर गाडी विकूनच टाका."

या जीपचा इतिहासही आपल्याच राज्यातला. २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. या कंपनीच्या स्थापनेआधी एकच वर्ष, १९४४ मध्ये, सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा पाया घातला होता.

छत्रपती संभाजीनगरात हूड शिवणारा शोधणे अवघड गेले नाही. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, आणि रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक रिक्षाचे छत अखेर कोणाच्या तरी शिलाई यंत्राखालून गेलेले असते. रिक्षांची हूडे शिवण्यात आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध कारागिरांकडे, ज्यांना सारे चाचा म्हणत, आम्ही गेलो. त्यांची पहिली सूचना होती, जुने हूड फेकू नका. शिवणी कुठे होत्या, पट्टे कुठे होते, हे तेच सांगते. मात्र त्यावरून जसेच्या तसे कापायचे नाही. जुने कापड ताणलेले असते, नवे ढिले पडते. म्हणून आधी लोखंडी कमानी सरळ केल्या, गंज घासून रंग दिला, आणि मग त्यांच्यावरूनच माप घेतले.

खरा प्रश्न कापडाचा. रेक्झीन स्वस्त आणि जलरोधक. पण मराठवाड्याच्या उन्हात त्यातील मऊपणा देणारे द्रव्य उडून जाते आणि ते तडकते. सुती कॅनव्हास भिजल्यावर धागे फुगून छिद्रे मिटवतो, परंतु ओला दुमडला की बुरशी धरतो. तिसरा मार्ग तीन थरांच्या कापडाचा: दोन कापडांच्या मध्ये रबर. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये याच युक्तीचे पेटंट घेतले होते, आणि उंची परदेशी मोटारींची छते आजही याच तत्त्वावर बनतात. ते महाग असते. आम्ही जीपच्या मूळ स्वभावाला धरून जाड कॅनव्हास निवडला.

शिवण हे हूडाचे मर्मस्थान. सुती दोरा उन्हापावसात कुजतो, म्हणून पॉलिस्टरचा वापरला. कापडाची घडी अशी दुमडली की तिचे तोंड खाली राहावे आणि पाणी आत न शिरता निथळावे. सुईच्या छिद्रांवर मेण चोळतात. आजीने मधमाश्यांचे मेण नको म्हटले. चाचांनी हसून पॅराफिनचे मेण काढले. चामडी पट्ट्यांऐवजी नवारीचे पट्टे लावले. त्यांनी कामात काहीच उणे पडले नाही.

बसवताना समोरच्या काचेच्या चौकटीचा आणि कापडाचा मध्य खडूने जुळवला, आणि मध्यापासून दोन्ही कडांकडे ताण देत गेलो. एका कडेने सुरुवात केली असती, तर सारा तिरपेपणा दुसऱ्या कडेला साचला असता. कॅनव्हास पहिल्या पावसात आखडतो, म्हणून ताण किंचित कमी ठेवला. पट्ट्यांची छिद्रे दुसऱ्या दिवशीच पाडली, रात्रभरात कापड आपल्या जागी बसल्यावर.

वाचकांपैकी कोणाच्या वखारीत अशी गाडी असेल, तर इतके स्मरणात ठेवावे: ओले हूड कधीही दुमडू नये; धूळ आधी मऊ ब्रशने झाडावी, मग सौम्य साबण वापरावा; मागची पारदर्शक खिडकी कोरड्या फडक्याने घासू नये, आणि तिच्यावर पेट्रोल तर कदापि लावू नये.

चाचांनी सांगितलेली मजुरी वडिलांनी घासाघीस न करता त्याच दिवशी चुकती केली. कारागिराचा घाम वाळण्यापूर्वी त्याचा हिशेब मिटवावा, हा आजोबांचाच नेम होता. गाडी मोडीत देण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मृगाच्या पहिल्या सरीत वखारीबाहेर उभ्या जीपमध्ये आम्ही सारे बसलो. एका शिवणीतून दोन थेंब आले. तिथे पुन्हा मेण चोळले. पुढच्या रविवारी आकाश निवळले, तेव्हा काकांनीच हूड मागे सारले आणि गाडी वेरूळच्या रस्त्याला लावली. जैन लेण्यांपाशी उतरताना आजीने मागे वळून घडी घातलेल्या कापडावर हात ठेवला. "कोरडे आहे ना?" एवढेच तिने विचारले.