फायबरच्या होडीचा मऊ पडलेला डेक : कारणे, परीक्षा व दुरुस्ती

मीरा-भाईंदरच्या पश्चिमेस उत्तन, पाली व चौक या किनाऱ्यांवर मासेमारी हा अनेक कुटुंबांचा पिढीजात व्यवसाय आहे. येथील डोलकर भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळे लावतात आणि बोंबील, जवळा इत्यादी मासळी काढतात. मासळीने भरलेले जाळे ओढताना खलाशाचा सर्व भार पायांखालील डेकवर येतो. तो डेक आतून कुजलेला असेल, तर पाय फसून माणूस जायबंदी होण्याचा किंवा समुद्रात पडण्याचा धोका असतो. म्हणून डेक मऊ लागू लागताच त्याची दखल घेणे अगत्याचे आहे. ही दुरुस्ती कुशल हाताने व योग्य क्रमाने केल्यास बंदरावरच होऊ शकते. मात्र वरून केवळ एक थर चढविला तर ती दुरुस्ती ठरत नाही.

डेकची रचना

फायबरचा डेक बाहेरून एकसंध दिसतो. परंतु पुष्कळ जुन्या होड्यांत तो तीन थरांचा असतो. वर व खाली काचतंतू आणि रेझीन यांची पातळ कवचे असतात व मध्ये प्लायवूडचा किंवा लाकडाचा गाभा असतो. दोन्ही कवचे गाभ्यास घट्ट चिकटलेली असतात, तोवर डेक हलका असूनही ताठ राहतो. गाभा कुजला किंवा कवचापासून सुटला, की वरचे कवच एकटे पडते व पायाखाली दबू लागते. फायबर स्वतः कुजत नाही. कुजते ते आतील लाकूड.

लाकूड का कुजते?

लाकूड कुजविणारी बुरशी ही सजीव आहे. तिला ओलावा, हवा व ऊब लागते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत राहिला, तर ती वाढू शकत नाही. तो ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचला, की तिला अनुकूल परिस्थिती लाभते.

समुद्राच्या पाण्याने डेक कुजतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः मिठामुळे या बुरशीच्या वाढीस काही प्रमाणात अडथळाच होतो. खरा शत्रू गोडे पाणी होय. या किनाऱ्यावर वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात बर्फाचे वितळलेले पाणी व होडी धुण्याचे पाणी यांची भर पडते. हे पाणी अखंड फायबरमधून सहसा शिरत नाही. ते विंचच्या बोल्टांच्या भोकांतून, दोर बांधण्याच्या खुंट्यांच्या बुडातून, कठड्याच्या पायातून, मासळीच्या खणाच्या झाकणाच्या कडेतून आणि घाईने मारलेल्या स्क्रूंमधून आत जाते. एकदा आत गेलेले पाणी दोन कवचांमध्ये कोंडले जाते व प्लायवूडच्या थरांतून दूरवर पसरते. म्हणून डेक जेथे मऊ लागतो, तेथेच पाणी शिरले असेल असे नाही. पाण्याची वाट शोधून बंद केल्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकत नाही.

परीक्षा कशी करावी?

प्रथम अनवाणी पायांनी डेकवर सावकाश चालावे व जेथे दबल्यासारखे वाटेल तेथे खडूने खूण करावी. नंतर हातोडीच्या लाकडी दांड्याने वीतभर अंतराने ठोकून पाहावे. निरोगी भागातून टणटणीत, तर कुजलेल्या किंवा सुटलेल्या भागातून बद्द आवाज येतो. संशयित भागाच्या मध्यावर व कडांवर ५ मिलिमीटरची भोके पाडावीत. ती वरचे कवच व गाभा यांतूनच जावीत, खालचे कवच फुटू देऊ नये. भोकातून कोरडा, फिक्या रंगाचा भुसा निघाल्यास लाकूड चांगले आहे. काळपट, ओला लगदा निघाल्यास ते कुजले आहे असे समजावे. चांगले लाकूड लागेपर्यंत बाहेरच्या बाजूस परीक्षा करीत जावे. परीक्षेची भोके त्याच दिवशी तात्पुरती बंद करावीत, अन्यथा तीच पाण्याची नवी वाट होतात.

डेकखालील आडव्या तुळया किंवा विंचखालील आधार कुजलेले आढळल्यास ते काम अनुभवी होडी बांधणाऱ्या कारागिराकडे द्यावे आणि तोपर्यंत ती होडी समुद्रात नेऊ नये.

दुरुस्ती केव्हा करावी?

१ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागू होते व होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. साहजिकच दुरुस्तीही याच काळात करण्याकडे कल असतो. परंतु फायबरच्या कामास हा काळ सर्वांत प्रतिकूल आहे. दमट हवेत लाकूड वाळत नाही, आणि ओल्या लाकडास रेझीन धरत नाही. अशा वेळी डेक बंद करणे म्हणजे रोग आत कोंडून ठेवणे होय.

यावर उपाय असा की, परीक्षा हिवाळ्यातच उरकून घ्यावी. डोल जाळ्याची मासेमारी उधाणाच्या जोरदार प्रवाहावर चालते व अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत ती मंदावते. लहान दुरुस्ती फेब्रुवारी ते एप्रिलमधील अशा दिवसांत करता येते. मोठे काम मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी संपेल अशा बेताने हाती घ्यावे.

साहित्य

गाभ्यासाठी आय. एस. ७१० या मानकाचे सागरी प्लायवूड, जुन्या गाभ्याच्या जाडीचेच घ्यावे. रेझीन दोन प्रकारचे मिळते. पॉलिएस्टर रेझीन स्वस्त असते. इपॉक्सी महाग असते, परंतु लाकडास व जुन्या फायबरला अधिक चांगले चिकटते. परवडत असल्यास या कामास इपॉक्सी वापरावे. मात्र दोहोंची सरमिसळ करू नये. इपॉक्सीवर चढविलेले पॉलिएस्टर नीट धरत नाही. पॉलिएस्टरबरोबर फायबरची नेहमीची मॅट चालते. इपॉक्सीबरोबर विणलेले काचतंतूचे कापड वापरावे.

पॉलिएस्टरच्या खर्चाचा अंदाज असा : चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटच्या एका थरास सुमारे १ किलो आणि ६०० ग्रॅमच्या विणलेल्या कापडाच्या एका थरास सुमारे ६०० ग्रॅम रेझीन लागते. एक चौरस मीटर भागावर मॅटचे दोन व कापडाचा एक थर द्यावयाचा असल्यास २.६ किलो लागेल. प्लायवूड माखणे व फटी भरणे यांसाठी लागणारे रेझीन वेगळे धरावे.

कृती

१. कुजलेल्या भागावरील बोल्ट व खुंट्या काढाव्यात. डेकला खालून लाकडी टेकू द्यावेत, म्हणजे त्याचा बाक बदलणार नाही.

२. ग्राइंडरने वरचे कवच फक्त त्याच्या जाडीएवढे कापावे व पटाशीने उचलून काढावे. ते धड असल्यास जपून ठेवावे. उघड्या पडलेल्या खालच्या कवचावर पाय देऊ नये.

३. कुजका गाभा पूर्णपणे खरवडून काढावा. चांगले लाकूड लागल्यावरही सर्व बाजूंनी १० ते १५ सेंटिमीटर पुढे जावे, कारण बुरशी डोळ्यांस दिसते त्यापेक्षा दूर पोहोचलेली असते.

४. मीठ ओलावा ओढून धरते, म्हणून उघडा भाग गोड्या पाण्याने एकदा धुवावा. नंतर दिवसा ऊन व वारा द्यावा आणि रात्री दवापासून झाकावा. तीन-चार दिवसांनी कडेच्या लाकडावर प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसल्यास अधिक वाळवावे. या पायरीस घाई केल्यास पुढील सर्व खर्च वाया जातो.

५. खालचे कवच खरबरीत पॉलिश पेपरने घासावे, धूळ काढावी व ॲसिटोनने पुसावे.

६. नवीन प्लायवूड मापात कापून त्याच्या दोन्ही बाजूंस व विशेषतः कडांस रेझीन पाजावे. खालच्या कवचावर रेझीनमध्ये भिजविलेला मॅटचा किंवा कापडाचा थर अंथरून त्यावर प्लायवूड दाबून बसवावे व वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. खाली हवा राहू देऊ नये. कडेच्या फटी रेझीन व सिलिकाची पूड यांच्या लांबीने भराव्यात.

७. जुन्या कवचाची कड सभोवार उतरती घासावी. हा उतार कवचाच्या जाडीच्या सुमारे १२ पट रुंद असावा. कवच ४ मिलिमीटर असल्यास सुमारे ५ सेंटिमीटर. त्यावर नवे थर क्रमाने मोठे होत जातील असे चढवावेत व रोलरने हवा काढावी. जुने कवच परत बसविल्यास सांध्यास असाच उतार देऊन त्यावर थर द्यावेत.

८. शेवटी वरचा संरक्षक थर द्यावा व तो ओला असतानाच बारीक वाळू भुरभुरावी, म्हणजे पाय घसरत नाही.

९. बोल्टांची भोके नेहमीपेक्षा मोठी पाडून इपॉक्सीच्या लांबीने पूर्ण भरावीत व ती कठीण झाल्यावर मधोमध बोल्टाच्या मापाचे भोक पाडावे. त्यामुळे पुढे बोल्ट गळू लागला तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. संपूर्ण दुरुस्तीचे आयुष्य मुख्यत्वे याच गोष्टीवर अवलंबून असते.

डेकला अनेक भोके पाडून त्यांत रेझीन ओतण्याची पद्धतही काही ठिकाणी दिसते. ओले, कुजके लाकूड रेझीन शोषून घेत नाही. ते भोकांपुरतेच राहते. त्यामुळे तिचा अवलंब करू नये.

दक्षता

पॉलिएस्टर रेझीन घट्ट करण्यासाठी कोबाल्ट व हार्डनर अशी दोन द्रव्ये मिळतात. ती एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यायोगे भडका किंवा स्फोट होऊ शकतो. प्रथम कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण ढवळावे आणि त्यानंतरच हार्डनर घालावा. हार्डनरचे प्रमाण साधारणतः १ ते २ टक्के, म्हणजे किलोस १० ते २० ग्रॅम असते. उन्हाळ्यात ते कमीकडे ठेवावे आणि एका वेळी अर्धा-एक किलोच मिश्रण करावे. इपॉक्सीचे प्रमाण मात्र डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावे. हार्डनर वाढविल्याने ते लवकर घट्ट होत नाही, उलट कच्चे राहते.

घासताना मुखपट्टी, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. कामाच्या जागी बिडी ओढू नये. मासळीच्या बंद खणात रेझीनचे काम करावयाचे असल्यास वारा खेळता ठेवावा व वर एक माणूस उभा असावा. हार्डनर डोळ्यांत उडाल्यास दृष्टी जाऊ शकते. ताबडतोब किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवून डॉक्टरांकडे जावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे?

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत बंदरावर तांडेल व खलाशी यांना एकत्र बोलावून एखाद्या होडीवर ठोकून पाहण्याच्या परीक्षेचे प्रात्यक्षिक करावे. त्यास हातोडी व खडू यांपलीकडे काहीच लागत नाही. एका बोल्टाभोवती सापडलेला वीतभर कुजका भाग भांगाच्या चार दिवसांत दुरुस्त होऊ शकतो. तोच दोन पावसाळे राहिल्यास संपूर्ण डेक उकलावा लागतो. पाण्याची वाट शोधावी, कुजके सर्व काढावे, उरलेले पूर्ण वाळवावे व मगच बंद करावे. हा क्रम पाळल्यास जुन्या होडीचा डेकही पुन्हा विश्वासाने पाय ठेवण्याजोगा होईल.