मिनीच्या पाठीशी अर्धी मिनी

ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत कधीकधी एक मिनी येते आणि तिच्या मागोमाग दुसरी मिनी, पण अर्धीच. दारांच्या मागे कापलेली, पुढे लोखंडी दांडी लावलेली. रंग तोच, दिवे तेच, दहा इंची चाकं तीच. लोक तिला खेळणं समजून फोटो काढतात. मला ती भंगाराच्या सर्वांत शहाण्या उपयोगांपैकी एक वाटते आणि त्याचं श्रेय मूळ गाडीच्या रचनेला आहे.

1956 च्या सुएझ पेचप्रसंगाने ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या लेनर्ड लॉर्ड यांनी अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्याकडे कमी पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी मागितली आणि 26 ऑगस्ट 1959 रोजी मिनी लोकांसमोर आली. लांबी जेमतेम दहा फूट. जागा वाचवायची म्हणून इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली घातला आणि सगळी ओढ पुढच्या चाकांना दिली. मागची चाकं नुसती फिरत येतात. म्हणजे मिनी ही मुळातच पुढच्या यंत्राने ओढलेली दोन चाकांची गाडी आहे. कारखान्यात जोडलेलं पुढचं धूड काढलं की ट्रेलरच उरतो.

आपल्या कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीशी ताडून पाहा. तिची ओढ मागच्या चाकांना. पाट्यांवर बसलेला जड अ‍ॅक्सल, त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा. तिचा मागचा भाग कापून ट्रेलर केला, तर कामाचं काही नसलेलं ते ओझं जन्मभर ओढत बसावं लागेल.

मिनीच्या मागच्या भागाखाली पोलादी सबफ्रेम असते. ती बोल्टांनी बॉडीला धरलेली, त्यामुळे अख्खी खाली उतरवता येते. तिच्या दोन बाजूंना दोन ट्रेलिंग आर्म, त्यांच्या टोकांना चाकं. स्प्रिंग शोधू गेलात तर सापडणार नाही. तिच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी रचलेला रबराचा शंकू आहे. मागे तो आडवा बसतो आणि कर्ण्याच्या आकाराची एक धातूची नळी त्याला दाबते. चाक खड्ड्यातून वर उसळलं की आर्म फिरतो, नळी पुढे सरकते, रबर चेपतं. जितकं चेपावं तितकं ते कडक होत जातं. चार माणसं आणि सामान पेलायला केलेलं हे रबर रिकाम्या ट्रेलरखाली फारच ताठ राहतं. वजन नसलं की ट्रेलर उड्या मारतो. म्हणून शॉक अ‍ॅब्सॉर्बर हवेतच. त्यांचं वरचं टोक मात्र सबफ्रेमवर नसतं, बॉडीला असतं. सबफ्रेम तेवढी वापरून वर फळ्यांची पेटी ठेवणाऱ्याला त्यासाठी वेगळा आधार वेल्ड करावा लागतो.

एक सापळाही आहे. 1964 पासून काही वर्षं सलून मिनीत रबराऐवजी हायड्रोलॅस्टिक सस्पेन्शन होतं. त्यात पुढचं आणि मागचं चाक दाबाखालच्या द्रवाच्या नळीने जोडलेलं असतं. अशी गाडी मधून कापली की मागचं सस्पेन्शन तिथेच संपलं. रबरवालीच शोधावी, व्हॅन आणि पिकअप त्या काळातही रबरावरच राहिल्या.

दुसरी अडचण गंजाची. सबफ्रेम हीच मिनीची जगजाहीर दुखरी जागा. रस्त्यावरचं मिठाचं पाणी आत शिरतं आणि वरून धड दिसणारा पत्रा आतून पापडासारखा होतो. कापायला घ्यायची गाडी समोरून ठोकलेली असावी, मागून कुजलेली नव्हे. आणि हे मी ठासून सांगतो: जी मिनी पुन्हा रस्त्यावर येऊ शकते, तिला करवत लावू नये.

कापण्याआधी डिकीतली पेट्रोलची टाकी आणि बॅटरी बाहेर. रिकाम्या टाकीतली वाफही वेल्डिंगच्या ठिणगीला पुरते. मिनीला वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटीच सगळा भार उचलते. तिचा एक भाग उघडा पडला की ती लुळी होते. म्हणून कापलेल्या तोंडावर पोलादी चौकट आणि आडवी भिंत घालावी लागते. ओढणारी दांडी त्या चौकटीला आणि सबफ्रेमला पकडते, नुसत्या पत्र्याला कधीच नाही.

मग वजन. ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरचं सामानासकट वजन 750 किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्मं, यांपैकी जे कमी त्याच्या आत लागतं. मिनी स्वतःच सुमारे 600 किलोची. म्हणजे हाती उरले 300. भार मांडायची रीत मात्र आपल्या बैलगाडीवाल्याला सांगायला नको. गाडी उलाळ म्हणजे मागे जड झाली की जू वर उचलतं, हे तो जाणतो. ट्रेलर उलाळ झाला तर वेगात सापासारखा वळवळतो आणि पुढच्या गाडीचं शेपूट हलवतो. म्हणून थोडा भार दांडीवर यायलाच हवा.

विजेच्या जोडणीतही जुनेपणा आडवा येतो. 1960 च्या दशकातल्या मिनीत बॉडीला बॅटरीचं धन टोक जोडलेलं असे. साध्या बल्बला त्याने फरक पडत नाही, पण आजचे एलईडी दिवे उलट जोडणीत पेटत नाहीत. नंबर प्लेट ओढणाऱ्या गाडीचीच लावायची.

एवढा खटाटोप रंग जुळावा म्हणून? मला सर्वांत पटलेलं कारण स्टेपनीचं आहे. चारही चाकं आणि ट्रेलरची दोन एकाच मापाची असली, तर एक स्टेपनी सहाही चाकांना चालते. शिवाय मिनीची डिकी इतकी लहान की तिचं झाकण खाली उघडतं आणि सुरुवातीच्या गाड्यांत ते उघडंच ठेवून त्यावर सामान नेता येई. झाकण उघडल्यावरही नंबर दिसावा म्हणून प्लेट बिजागरीवर लटकत असे. सामानाला जागा कमी, हे इसिगोनिस यांनाही ठाऊक होतं.

हे वाचून कुणाला आपल्या अंगणातल्या मोडक्या गाडीकडे पाहून हात शिवशिवले, तर एक विनंती. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच धरलं आहे. तेव्हा वेल्डरला बोलावण्याआधी आरटीओत जाऊन नोंदणीचं विचारून या.