टीव्ही आपोआप का लागला?

शेतातल्या मोटारीचा स्टार्टर आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला 'ऑटो' जोडलेला असतो. ऑटोची कळ लावून ठेवली म्हणजे रात्री कंदील-बॅटरी घेऊन विहिरीवर जावे लागत नाही. लाईट आली, की ऑटो थोडा दम खातो आणि मोटार सुरू करतो. पाटाला पाणी लागते. मालक घरी घोरत असतो.

याला कोणी भुताटकी म्हणतो का? नाही म्हणत. ऑटो कोणी बसवला, त्याला किती पैसे पडले, हे आपल्याला ठाऊक असते.

आता असेच एक 'ऑटो' आपल्या घरात, टीव्हीच्या मागे येऊन बसले आहे. एक यंत्र दुसऱ्या यंत्राला उठवते, झोपवते, हुकूम सोडते. पण हे ऑटो कोणी बसवत नाही. ते कारखान्यातूनच आत घातलेले येते. ते आत आहे, हे दुकानदारही बहुतेक वेळा सांगत नाही. मग माणसे घाबरतात. कशी घाबरतात, ते सांगतो.

आमच्या डोंगरकड्याच्या शिवारात एक वस्ती आहे. तिथे एका घरी नवा टीव्ही आला. भिंतीवर लावायचा, चपटा. छतावर छत्री बसवली आणि टीव्हीखाली फळीवर सेट टॉप बॉक्स ठेवला. आपण त्याला पेटी म्हणू. आठ दिवस सगळे ठीक चालले. नवव्या दिवशी मध्यरात्री टीव्ही एकदम लागला. मोठ्याने गाणी सुरू झाली. घरधनी दचकून उठला. त्याने टीव्ही बंद केला. दोन रात्री सोडून पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा.

घरात म्हातारी आई होती. ती म्हणाली, "ह्ये काही बरं लक्षण न्हाई." शेजारी एक विधवा बाई राहते. नवा टीव्ही पाहायला ती पहिल्या दिवशी येऊन गेली होती. झाले! कोणी तरी तिचे नाव घेतले. तिने भानामती केली म्हणे. दोन्ही घरांत विरजणाची देवघेव होती, ती थांबली. पोरांना तिच्या अंगणात जायची बंदी झाली. अमावास्येला देवऋषी आणायचे ठरले.

मी सेवानिवृत्त शिक्षक. वस्तीवरची मुले माझ्या हाताखालून गेलेली. त्यांतल्या एकाने मला बोलावले.

मी घरधन्याला एकच गोष्ट विचारली. "ज्या रात्री टीव्ही लागला, त्या रात्री लाईट गेली होती का?"

तो विचार करून म्हणाला, "व्हय गुरुजी. गेली होती. लाईट आली अन् टीव्ही लागला."

"तिन्ही वेळेला?"

"तिन्ही येळा."

मग मी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवले. शेजारच्या बाईलाही बोलावून घेतले. टीव्ही त्याच्या रिमोटने बंद केला. पडदा काळा झाला. खाली तांबडा दिवा तेवढा राहिला. पेटीचे बटण बोर्डावरून बंद केले. दहा अंक मोजले आणि पेटीचे बटण पुन्हा चालू केले. टीव्हीला कोणी हात लावला नाही. त्याचा रिमोट म्हातारीच्या मांडीवर होता. पेटीचा दिवा हिरवा झाला, आणि थोड्या वेळाने टीव्ही आपोआप लागला! भर दुपारी, बारा माणसांच्या देखत.

म्हातारी म्हणाली, "मंग ही पेटीच म्हंती का त्येला, ऊठ म्हनून?"

अगदी बरोबर. शास्त्रज्ञाने चार पाने लिहून सांगितले असते, ते म्हातारीने एका वाक्यात सांगितले. आता पेटी टीव्हीला 'ऊठ' कसे म्हणते, ते पाहू.

पहिली गोष्ट. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरोखर बंद नसतो. तो झोपलेला असतो. तांबडा दिवा दिसतो ना, ती त्याची खूण. झोपलेल्या माणसाला हाक ऐकू येते, तशी झोपलेल्या टीव्हीलाही हाक ऐकू येते. रिमोटची हाक ऐकू यावी म्हणूनच तो थोडी वीज घेत असतो. बोर्डावरचे बटण बंद केले, की मात्र तो खरा बंद. मग कितीही हाका मारा.

दुसरी गोष्ट, हाक जाते कुठून? रिमोटची हाक हवेतून जाते. रिमोटच्या तोंडाशी बारीक दिवा असतो. त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, टीव्हीला दिसतो. मोबाईलचा कॅमेरा सुरू करून त्याच्यासमोर रिमोट धरा आणि कळ दाबा. पुष्कळ मोबाईलमध्ये तो दिवा लुकलुकताना दिसतो. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. हा उजेड भिंतीतून जात नाही. मधे माणूस उभा राहिला तरी अडतो.

पेटीची हाक तशी जात नाही. ती तारेतून जाते. जुन्या टीव्हीला पेटी जोडायला तीन रंगांच्या तारा असत. पिवळी, तांबडी, पांढरी. पिवळीतून चित्र जाई. तांबडी आणि पांढरी यांतून आवाज जाई. त्यांत हुकमाला जागाच नव्हती. अजूनही पुष्कळ घरांत त्याच तारा आहेत. त्या घरांत पेटी टीव्हीला उठवू शकत नाही.

नव्या टीव्हीला एकच जाड, चपट्या तोंडाची तार असते. तिचे नाव एचडीएमआय. सात मोठ्या कंपन्यांनी मिळून ती ठरवली. तिचा पहिला नियमग्रंथ डिसेंबर २००२ मध्ये निघाला. त्या एका तारेच्या तोंडात १९ बारीक टाचण्या असतात. चित्र आणि आवाज त्यांतल्या बऱ्याच टाचण्यांमधून धावतात. पण १३ नंबरची टाचणी वेगळी. तिच्यातून चित्र जात नाही, आवाज जात नाही. तिच्यातून फक्त हुकूम जातात. या हुकमांच्या पद्धतीला सीईसी म्हणतात.

ही वाट अगदी हळू आहे. चित्राची वाट म्हणजे हमरस्ता. नांदेड-हिंगोली रस्त्यावर गाड्या पळतात, तसे चित्र पळते. १३ नंबरची वाट म्हणजे बांधावरची पायवाट. पण 'ऊठ', 'झोप', 'आवाज वाढव' एवढेच सांगायचे तर पायवाट पुरते.

या पायवाटेवर बोलायचे नियम आहेत, आणि ते मला फार आवडतात. प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. टीव्हीचा नंबर शून्य. पेटीला बहुधा ३ नंबर मिळतो. चकती लावून सिनेमा दाखवणाऱ्या यंत्राला ४. आवाजाच्या यंत्राला ५. हुकूम सोडताना आधी 'कोणाकडून, कोणाला' हे सांगावे लागते, पत्राच्या पाकिटावर असते तसे. '३ कडून ० ला: जागा हो.' मग दुसरा निरोप: 'चित्र आता माझ्याकडून घे.' टीव्ही जागा होतो आणि पेटीचे चित्र दाखवतो. एक यंत्र बोलत असेल तर दुसऱ्याने थांबायचे, असाही नियम आहे. ग्रामसभेत एवढे पाळले जाते का, ते तुम्हीच सांगा!

१५ हा नंबर कोणा एकाचा नाही. तो दवंडीचा नंबर. '० कडून १५ ला: झोपा' असे टीव्ही म्हणाला, म्हणजे ते सर्वांसाठी. टीव्ही बंद केला की पेटीही झोपते, ती अशी.

आता त्या रात्री काय झाले, ते उघड आहे. लाईट गेली. टीव्ही आणि पेटी दोन्ही बंद पडल्या. मध्यरात्री लाईट आली. टीव्ही तांबडा दिवा लावून झोपूनच राहिला. पण काही पेट्यांना वीज मिळताच आपोआप सुरू व्हायची खोड असते. ती पेटी तसलीच. सुरू झाल्याबरोबर तिने निरोप धाडला: 'जागा हो.' टीव्ही आज्ञाधारक. तो उठला आणि गाणी लावली. विहिरीवरच्या ऑटोने केले, तेच इथे झाले.

दर वेळी पेटीच कारण असेल, असे नाही. काही टीव्ही स्वतःच लक्षात ठेवतात. लाईट जाताना आपण चालू होतो, तर आल्यावरही चालू व्हायचे, असे त्यांना शिकवलेले असते. कधी टीव्हीत गजर लावलेला असतो. कधी पोरगा रिमोटवर झोपलेला असतो. म्हणून आधी परीक्षा करावी. मी केली तशी करा. टीव्ही झोपवा, पेटी सुरू करा. टीव्ही उठला तर पेटीचा हुकूम. मग एचडीएमआयची तार पेटीतून काढा आणि पुन्हा करून पाहा. आता टीव्ही उठला नाही, तर शंका फिटली.

हा हुकूम बंदही करता येतो. टीव्हीच्या रिमोटवर मेनू किंवा सेटिंगची कळ असते. आत गेल्यावर सीईसी शोधावे. पण इथे एक अडचण आहे. कंपन्यांनी एकाच गोष्टीला निरनिराळी नावे दिली आहेत. सॅमसंग तिला 'एनीनेट प्लस' म्हणते. एलजी 'सिम्पलिंक' म्हणते. सोनी 'ब्राव्हिया सिंक' म्हणते. पॅनासॉनिकचे नाव 'व्हिएरा लिंक'. घरी बाळू आणि शाळेच्या हजेरीपटात बाळासाहेब, तसाच हा प्रकार. नाव सापडले, की ते 'ऑफ' करावे. 'ऑफ' म्हणजे बंद, 'ऑन' म्हणजे चालू. एवढे दोन इंग्रजी शब्द ओळखायला शिकले तरी पुष्कळ कामे होतात.

त्या वस्तीवर आम्ही तसेच केले. पण म्हातारीने आठ दिवसांनी ते पुन्हा चालू करून घेतले! का? तर आधी तिला एकाच रिमोटची एकच कळ दाबावी लागे, आणि दोन्ही यंत्रे लागत. हुकूम बंद केल्यावर दोन रिमोट आले. कोणता कशाचा, हे तिला उमजेना. पडद्यावर 'नो सिग्नल' असे इंग्रजीत येई आणि ती नातवाची वाट पाहत बसे. आषाढी एकादशीची पंढरपूरची पूजा तिला पाहायची होती. आमच्या जिल्ह्यातल्या नर्सीहून नामदेव महाराजांची पालखी पंढरीला जाते, तिच्याबरोबर ती तरुणपणी पायी गेलेली. तेव्हा हुकूम चालू ठेवला, आणि रात्री झोपताना बोर्डावरचे बटण बंद करायचे ठरवले. मला हाच उपाय अधिक पसंत आहे.

भानामतीचेही सांगितले पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून अनेक वर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात तो कायदा आला. अमकी बाई करणी करते, असे सांगून तिला छळणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद आहे. ५ हजार ते ५० हजार रुपये दंडही आहे. मी हे त्या घरात वाचून दाखवले. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सून विरजण मागायला शेजारी गेली.

आता बोर्डावरच्या बटणाचा हिशेब. झोपलेला टीव्ही फारच थोडी वीज खातो. पण पेटी झोपल्यासारखी दिसली तरी आत पुष्कळदा जागी असते. हात लावून पाहा, कोमट लागते. समजा, ती १० वॅट वीज खाते. दिवसाचे २४ तास ती चालू राहिली, तर २४० वॅट-तास झाले. १००० वॅट-तासांचे एक युनिट. म्हणजे महिन्याला ७ युनिटांहून थोडे जास्त. टीव्ही रोज ४ तासच पाहत असाल, तर त्यांतली ६ युनिटे कोणीही टीव्ही न पाहता जातात. आपल्या पेटीला किती वॅट लागतात, ते तिच्या पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. तिथे फक्त व्होल्ट आणि अँपिअर लिहिले असतील, तर त्या दोन आकड्यांचा गुणाकार करा. जास्तीत जास्त किती वॅट, ते निघेल. आजच संध्याकाळी पेटी उलटी करून वाचून पाहा. पण आधी तिची पिन काढा.