करंट की पेट्रोल?

गाडी रस्त्यात बंद पडली की जुना मिस्त्री एवढंच विचारायचा: करंट येत नाही की पेट्रोल येत नाही? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली, सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली, आणि १०८९ सीसीच्या त्या इंजिनाचे बहुतेक आजार या एका प्रश्नात मावायचे. प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरायची, सेल्फ मारायला सांगायचं. निळी ठिणगी पडली तर पंप आणि कार्बोरेटर बघा, नाही पडली तर डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडा. पॉइंट काळे पडलेले असायचे. पॉलिश पेपरने घासून, फिलर गेजने फट लावून गाडी पुन्हा चालू. पावसाळ्यात तर झाकणाच्या आत धरलेली ओल नुसती फडक्याने पुसली तरी भागायचं.

पंप इंजिनालाच जोडलेला. त्यामुळे द्रुतगती मार्ग होण्याआधीच्या बोरघाटात, मे महिन्यात, पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिन उपाशी राहायचं. मग पंपावर ओलं फडकं गुंडाळून अर्धा तास थांबा. धुराचंही ठरलेलं होतं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे रिंगा गेल्या, पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी म्हणजे हेड गॅस्केट. प्लग काढला की त्याच्या टोकाच्या रंगावरून अर्धं निदान तिथेच.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. इंजिन तीन सिलिंडरचं, त्यातला एक प्लग गेला तर सगळी गाडी थरथरते. रेडिएटरचा पंखा आता पट्ट्याऐवजी विजेवर फिरू लागला, म्हणून गाडी सिग्नलला गरम होते आणि हायवेवर गार राहते, ही तक्रार नवीन. कारण बहुधा पंख्याची मोटर किंवा त्याचा स्विच. आपल्याकडच्या गॅरेजांनी मात्र यावर एक वाईट सवय लावून घेतली: थर्मोस्टॅटच काढून फेकायचा. कार्बोरेटरच्या गाडीत ते खपून गेलं. २००० च्या आसपास एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या ताब्यातलं पेट्रोल इंजेक्शन, आल्यावर खपेना. इंजिन नीट तापत नाही, संगणकाला ते थंडच वाटतं, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, आणि मालक म्हणतो, गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही. चारशे-पाचशे रुपयांचा भाग परत बसवायचा सोडून इंजेक्टर साफ करून घेतलेले लोक माझ्या माहितीत आहेत.

पुढे बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांसोबत गाडीतच निदानाची यंत्रणा आली आणि स्कॅनर गॅरेजात पोचला. त्याने काम सोपं केलं यात शंका नाही. सिलिंडर कुठला मिस मारतोय हे तो क्षणात दाखवतो. पण पी०१७१ हा कोड घ्या. त्याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, इतकाच. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा विझतो, आणि काही दिवसांत परत पेटतो. दोष असतो चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपात, नाहीतर टाकीतल्या दमलेल्या पंपात. सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो. पंधरा वर्षांच्या गाडीत रबर, अर्थिंग आणि कनेक्टरवरचा गंज आधी बघावा, खर्चाचे भाग नंतर.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. हौसेने जपलेल्या पद्मिन्या आहेत, पण त्यांच्या टाकीत आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पडतं. जुने रबरी पाइप आणि पंपातला पडदा त्याने फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होतं, आणि ते ओळखून पेट्रोल वाढवणारा संगणक कार्बोरेटरला नाही. थोडा मोठा जेट घातला की गाडी परत नीट ओढते. फक्त तो जेट कुठे मिळतो का, हे जुन्या बाजारात फिरून बघावं लागतं.