उताराला न्यूट्रल, उन्हाळ्यात कमी हवा

कसारा असो, खंबाटकी असो की आंबोली, उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची आणि तेवढं पेट्रोल वाचवायचं, ही सवय आपल्याकडे बापाकडून लेकाकडे आली आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तिला थोडाफार आधार होता. इंजेक्शनच्या गाड्यांत, म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळपास सगळ्याच गाड्यांत, तो उरलेला नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला, की चाकंच इंजिन फिरवत राहतात. हे ओळखून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, इंजेक्टर बंद करतो आणि पेट्रोल जळायचं थांबतं. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, आणि बंद पडू नये म्हणून इंजिनाला पेट्रोल प्यावंच लागतं. फसगत होते ती आरपीएमच्या काट्यामुळे. तिसऱ्या गिअरमध्ये घाट उतरताना काटा दोन-अडीच हजारांवर असतो, न्यूट्रल केलं की आठशेच्या आसपास येतो, आणि कमी आरपीएम म्हणजे कमी पेट्रोल असं वाटतं.

पेट्रोल हा यातला लहान मुद्दा आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध जातो आणि गाडी आवरण्याचं सगळं काम ब्रेकवर येतं. सतत दाबलेले ब्रेक तापतात, ब्रेक ऑइल उकळू लागतं, आणि ऐन वळणावर पेडल मऊ लागून खाली जातं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे.

दुसरा गैरसमज एप्रिल-मेमध्ये हवा भरताना ऐकू येतो: ‘उन्हाळा आहे, दोन-चार पॉइंट कमीच मारा, टायर फुटेल.’ वस्तुस्थिती अशी, की कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि त्यामुळेच जास्त तापतो. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर दुपारी ताशी १२० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीला असा टायर म्हणजे थेट धोका. ॲव्हरेजही घटतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने चारही टायरांत सरासरी एक पीएसआय कमी असेल तर सुमारे ०.२ टक्के. आकडा लहान दिसतो, पण महिनोन् महिने हवा न तपासलेल्या गाडीत तो वाढत जातो, शिवाय टायर कडेने झिजतात ते वेगळंच. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर छापलेलं असतं. ती टायर थंड असताना तपासावी.

‘कंपनी खोटं ॲव्हरेज सांगते’ हीसुद्धा नेहमीची तक्रार. जाहिरातीतला आकडा येतो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतल्या चाचणीतून. तिथे गाडी रोलरवर, ठरलेल्या क्रमाने चालवतात, वेग ९० च्या पुढे जात नाही आणि एसी बंद असतो. हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी आहे. आपल्या रस्त्यावर तोच मिळावा, ही अपेक्षा मात्र चुकीची. आपण ८० ऐवजी १२० ने गेलो तर वेग दीडपट होतो आणि हवेचा विरोध सव्वादोन पट. हायवेवर याइतकं पेट्रोल खाणारं दुसरं काही नसतं. शहरात तीच जागा घेतात उगाच दाबलेला ॲक्सिलरेटर आणि पाठोपाठ मारलेला ब्रेक. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना जोर लावण्यात काहीच हशील नसतं.

सिग्नलला इंजिन बंद केलं तर सुरू करताना जास्त पेट्रोल जातं, हेही आजच्या गाड्यांना लागू नाही. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर खुशाल बंद करावं. ज्या गाडीला साध्या पेट्रोलची शिफारस आहे तिच्यात महागडं प्रीमियम भरून ॲव्हरेज वाढत नाही. एअर फिल्टर वेळेवर बदलावा, पण इंजिनाच्या आयुष्यासाठी. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये पाहिलं, तेव्हा इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने पिकअप घटला, इंधनाच्या खर्चात फारसा फरक पडला नाही.

एका तक्रारीत मात्र तथ्य आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज उतरलं, असं म्हणणाऱ्याला वेड्यात काढू नये. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, दहा टक्क्यांच्या मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींत सहा-सात टक्के घट येईल, असा अंदाज दिला होता.

घट त्याहून मोठी असेल तर पेट्रोलला दोष न देता गाडी तपासावी. आधी टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब तीन-चार वेळा करावा, कारण एका भरण्यावरून काहीच कळत नाही. मग थोडं चालवून आल्यावर चारही रिमांजवळ हात न्यावा, टेकवू नये. एकाच चाकाजवळ जास्त धग लागत असेल, तर त्याचा ब्रेक चिकटतो आहे. गाडी त्याच दिवशी मेकॅनिककडे न्यावी.