गुणपत्रिकेतली तिहाई

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर, डॉ. जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. तिघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे आणि तिघंही नाटकवेडे. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं तेव्हा दिग्दर्शन पटेलांचं होतं आणि नाना फडणवीस उभा केला आगाशेंनी. डॉक्टरकीच्या परीक्षेत या नाटकवेडाचा अर्थातच एकही गुण धरला गेला नव्हता. आपल्याकडे नाटक, गाणं, चित्रकला ही कॉलेज सुटल्यावरची कामं. गॅदरिंग, युवा महोत्सव, पुरुषोत्तम करंडक आणि त्यापायी बुडालेली प्रॅक्टिकल्स!

आता तीच कला टाइमटेबलात येऊ लागली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना लागू झाली. मुख्य विषय मेजर, त्याच्या जोडीला मायनर; तो कलेचाही असू शकतो. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट्स लागतात. त्यांतली साधारण १८ ते २० मायनरची. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला ३०.

ओपन इलेक्टिव्ह आणि मायनर यांत मुलांची बरेचदा गल्लत होते. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतले सुटे पेपर, एकदा चव घेऊन पुढे जाण्यासारखे. मायनरमध्ये एकच विषय पायरी-पायरीने वर चढत जातो. त्यामुळे मेजरशी त्याची खरी गाठ पडायला वेळ मिळतो.

ही गाठ कशी पडते? रसायनशास्त्राचा विद्यार्थी अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभा आहे असं समजा. खडकावर भुसा आणि तंतू कालवलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. लाल-पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, निळा अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा. निजामाच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटलीहून तज्ज्ञ आले आणि चित्रं टिकावीत म्हणून त्यांनी लाखेचं व्हार्निश चढवलं. पुढे तेच पिवळं-तपकिरी पडलं आणि रंग झाकोळले. ते काढायचं तर विद्रावकाची जाण हवी; कुठे थांबायचं हे कळायला मात्र चित्राचीच ओळख लागते.

गणित किंवा कॉम्प्युटरच्या मुलाने तबला घेतला तर पहिल्याच वर्षी तिहाई भेटते : एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. तीनतालाच्या मात्रा १६. समेपासून निघून पुढच्या समेवर उतरायचं म्हणजे दोन्ही समा धरून १७. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये दोन वेळा एकेका मात्रेचा दम, म्हणजे विराम : १५ अधिक २. जमलं! सात मात्रांच्या रूपकात हाच हिशेब आठाचा होतो. तिथे दोन मात्रांचा तुकडा आणि एकेका मात्रेचा दम बसतो. सूत्र वहीत सुटतं, पण हात समेवर पडेपर्यंत गुण देता येत नाहीत.

खरी अडचण शिकवणार कोण ही आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र जवळ असणं वेगळं आणि तालुक्याच्या गावी विज्ञान महाविद्यालयात तबल्याचा शिक्षक मिळणं वेगळं. यूजीसीच्या २०२२ च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ योजनेत किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या जाणकाराला पदवीची अट न घालता शिकवायला बोलावता येतं, पण त्यासाठी महाविद्यालयाने पुढाकार घ्यायला हवा. शिवाय मायनर मेजरच्याच शाखेतला घेण्याचीही मुभा असल्याने सोय बघून भौतिकशास्त्राला गणिताची जोड लावून देणं प्राचार्यांना सोपं जातं.

म्हणून प्रवेश घेतानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. आपल्या मेजरबरोबर कलेचा मायनर खरोखर मिळतो का, त्याची प्रॅक्टिकल्स लॅबच्या वेळेवर आदळत नाहीत ना, आणि शेवटची परीक्षा कागदावर होते की मंचावर.