जातं गहाण घेऊ नये

ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, तोराच्या, पाचव्या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायात, सावकाराला काही बंधनं घातली आहेत. कुणाचं जातं गहाण घ्यायचं नाही, खालचा दगड नाही आणि वरचाही नाही. गहाणवस्तू आणायला ऋणकोच्या घरात शिरायचं नाही. दाराबाहेर थांबायचं, ती त्याने आणून द्यायची. गरिबाचं पांघरूण घेतलं असेल तर सूर्य मावळताना परत करायचं. विधवेचं वस्त्र तर घ्यायचंच नाही.

आम्ही बेने इस्राएल ज्यू. कोकणात आमच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांचा घाणा बंद असे. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला ठाण्याच्या आमच्या मशिदीत (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) ‘की तेत्से’ ही पाराशा, म्हणजे तोराचा त्या आठवड्याचा भाग, वाचली जाते तेव्हा जात्याच्या जागी मला घाणाच दिसतो. कुणी घाणाच ओढून नेला असता तर त्या घरात चूल कशी पेटली असती?

मिश्ना हा धर्मशास्त्राचा संग्रह सुमारे इ.स. २०० मध्ये सिद्ध झाला. त्यातल्या रब्बींनीही हेच विचारलं, आणि ठरवलं की जातंच काय, ज्या साधनावर माणसाचं अन्न तयार होतं असं काहीही गहाण घ्यायचं नाही. पुढे तर ते म्हणतात, उशी घेतली असेल तर रात्री परत द्या, नांगर घेतला असेल तर दिवसा. मग सावकाराने रोज हेलपाटे घालायचे? हो, घालायचे. ज्याची गरज त्याला त्या वेळी वस्तू मिळालीच पाहिजे. आणि इतकं करून गहाणाचा उपयोग काय, असं तालमूद (मिश्नावर पुढे झालेल्या चर्चेचा ग्रंथ) स्वतःच विचारतो. उत्तर असं की, गहाण हाती असलं तर सातव्या, कर्जमाफीच्या वर्षी ते कर्ज बुडत नाही. म्हणजे सावकाराचाही विचार आहेच.

आमच्या पूर्वजांकडे तालमूद नव्हता. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढंच त्यांनी शतकानुशतकं जपलं. मी हे सगळं उतारवयात वाचायला घेतलं. नोकरी बँकेच्या कर्जविभागात झाली, म्हणून या पानांपाशी मी जास्त थांबते. थकलेल्या कर्जापायी शिलाई मशीन उचलून नेलेलं मी पाहिलं आहे. १९०८च्या आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औतं यांवर जप्ती आणता येत नाही. पण हे संरक्षण कोर्टाच्या जप्तीपुरतं. ज्या मशीनसाठी कर्ज काढलं तेच बँकेकडे तारण असेल, तर ते जातं.

इस्राएलमध्ये अश्दोदला राहणारी माझी भाची आणि मी दर आठवड्याला फोनवर पाराशा वाचतो. वाचतो म्हणजे भांडतो. ज्यू अभ्यासाची जुनी रीत जोडीनेच बसण्याची आहे. विधवेच्या वस्त्रावरून आमचं अजून जमलेलं नाही. रब्बी यहुदा म्हणतात, विधवा गरीब असो की श्रीमंत, घ्यायचंच नाही. रब्बी शिमोन आधी कारण शोधतात. गरीब विधवेचं वस्त्र रोज परत करायला सावकार तिच्या दारी येणार, शेजारीपाजारी कुजबुजणार, तिचं नाव खराब होणार. म्हणून मनाई गरीब विधवेपुरतीच, असं त्यांचं म्हणणं. भाची शिमोनच्या बाजूची. शेजाऱ्यांच्या जिभेचाही विचार करणारा हा माणूस मलाही फार मोठा वाटतो. पण मी यहुदांकडे. बाईने आपली गरिबी आधी सिद्ध करावी आणि मग तिचं वस्त्र सुटावं, हे मला सोसत नाही. बाराव्या शतकात धर्मशास्त्री मायमोनिदीसने निकाल यहुदांच्या बाजूने दिला, तरी भाची हटत नाही, आणि तालमुदाने शिमोनचं मत गाळलेलंही नाही.

हल्ली तिने नवा प्रश्न काढला आहे. रिक्षावाल्याची भाडी, घरपोच माल देणाऱ्या पोराच्या ऑर्डरी, सगळं मोबाइलवर येतं. हप्त्यावर घेतलेला फोन, हप्ता थकला की, कर्ज देणाऱ्याला दुरूनच बंद करता येतो. फोन हे जातं मानायचं का? मी म्हटलं, निःसंशय. त्यावर ती म्हणाली, मग दुसरा नियमही मोडतोच ना, मावशी. दाराबाहेर थांबायचं सोडून तो थेट घरात शिरला.